कन्नड आवाजाला घर देणारे शंकर नाग

बंगळुरूच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर ही वसाहत लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्या दुसऱ्या टप्प्यात 'रंगशंकरा' हे नाट्यगृह आहे. २८ ऑक्टोबर २००४ रोजी त्याचा पडदा पहिल्यांदा उघडला आणि तेव्हापासून देशभरातील नाट्यसंस्थांचे पाय या वास्तूला लागले आहेत. हे नाट्यगृह चालवणाऱ्या विश्वस्त संस्थेचे नाव 'संकेत' असे आहे. नाट्यगृह उभे राहण्याच्या पुष्कळ आधीपासून बंगळुरूच्या कलाक्षेत्राला हे नाव परिचित होते. प्रथम ते एका नाट्यसंस्थेचे नाव होते. पुढे एका ध्वनिमुद्रणगृहाला तेच नाव मिळाले. तिन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे, तो म्हणजे अभिनेता आणि दिग्दर्शक शंकर नाग. १९९० मध्ये वयाची छत्तीस वर्षे पूर्ण होण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला. त्यांची चित्रपट कारकीर्द जेमतेम बारा वर्षांची होती.

मराठी प्रेक्षक त्यांना मुख्यतः दूरदर्शनवरील 'मालगुडी डेज' या मालिकेचे दिग्दर्शक म्हणून ओळखतात. कर्नाटकात मात्र त्यांची छायाचित्रे आजही ऑटोरिक्षांच्या मागच्या काचांवर दिसतात. या दोन्ही ओळखींच्या आड त्यांचे तिसरे काम काहीसे झाकले गेले. ते काम होते ध्वनिमुद्रणगृह उभारण्याचे. कन्नड भाषेचे चित्रपट, गाणी आणि नाटके यांचा आवाज कन्नड भूमीतच मुद्रित व्हावा, यासाठी त्यांनी ऐंशीच्या दशकात केलेला हा खटाटोप समजून घेतल्याशिवाय त्यांचे बाकीचे आयुष्य नीट कळत नाही.

शंकर नाग यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५४ रोजी उत्तर कन्नड जिल्ह्यातील होन्नावर तालुक्यात मल्लापूर या गावी झाला. त्यावेळी हा जिल्हा मुंबई राज्याचा भाग होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि तो म्हैसूर राज्याला जोडला गेला. घरची भाषा कोकणी आणि आडनाव नागरकट्टे. पुढे दोन्ही भावांनी ते 'नाग' असे आटोपशीर केले. थोरले बंधू अनंत नाग हेही नामवंत अभिनेते आहेत. श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर' या १९७४ च्या चित्रपटापासून हिंदी प्रेक्षकांना ते परिचित झाले. कारवार-होन्नावर पट्ट्यातील अनेक कुटुंबांप्रमाणे या घरातील मुलांनाही शिक्षणासाठी आणि पोटापाण्यासाठी मुंबईच जवळची वाटली. अनंत आधी गेले आणि शालेय शिक्षण संपवून शंकरही त्यांच्या पाठोपाठ मुंबईत आले.

सत्तरच्या दशकातील मुंबईत मराठी, गुजराती आणि हिंदी रंगभूमी एकमेकींच्या शेजारीच नांदत होत्या. एका भाषेतील नट दुसऱ्या भाषेच्या तालमीत जाऊन बसत आणि एखादे नाटक एका भाषेत रंगले की लगेच दुसरीत उतरवले जाई. शंकर नाग या वातावरणात घडले. ते मराठी नाटकांत काम करू लागले आणि मराठी त्यांना सहज अवगत झाली. याच रंगभूमीवर त्यांची अरुंधती राव यांच्याशी ओळख झाली. अरुंधती मराठी, गुजराती आणि हिंदी नाटकांत काम करत होत्या. १९८० मध्ये दोघांचा विवाह झाला.

मराठी चित्रपटसृष्टीला त्यांनी दिलेले योगदान थोडके आहे, पण मोलाचे आहे. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी दिग्दर्शित केलेला '२२ जून १८९७' हा चित्रपट १९७९ मध्ये आला. पुण्यातील प्लेगच्या साथीत जुलमी बंदोबस्त करणारा अधिकारी रँड याचा चापेकर बंधूंनी केलेला वध हा त्याचा विषय होता. या चित्रपटाची पटकथा नचिकेत पटवर्धन आणि शंकर नाग यांनी मिळून लिहिली. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. होन्नावरकडून आलेल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या कोकणीभाषक तरुणाने पुण्याच्या इतिहासावरील मराठी पटकथेत भागीदार व्हावे, ही गोष्ट त्या वेळच्या मुंबईत कोणाला फारशी नवलाची वाटली नसावी.

त्यापूर्वी एक वर्ष त्यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले होते. गिरीश कर्नाड यांनी 'ओंदानोंदु कालदल्ली' या कन्नड चित्रपटात भाडोत्री योद्ध्याची प्रमुख भूमिका शंकर नाग यांच्याकडे सोपवली. १९७८ च्या या चित्रपटावर जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या सामुराईपटांची छाया आहे. भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पहिल्याच मोठ्या भूमिकेला असा मान मिळाल्यावर त्यांनी मुंबई सोडली आणि बंगळुरू गाठले.

बंगळुरूत आल्यावर त्यांना एक विचित्र परिस्थिती दिसली. कन्नड चित्रपट तयार होत होते, त्यांना प्रेक्षक होता, राज्य सरकार अनुदानही देत होते. मात्र चित्रपटाचा आवाज बहुतांशी मद्रासमध्ये तयार होई. यालाही जुना इतिहास आहे आणि त्याचे एक टोक महाराष्ट्रात आहे. १९३४ साली प्रदर्शित झालेला पहिला कन्नड बोलपट 'सती सुलोचना' कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये चित्रित झाला होता. म्हणजे रुपेरी पडद्यावर कन्नड भाषा प्रथम बोलली ती पंचगंगेच्या काठी. धारवाड-हुबळीकडील गायकांची स्थितीही वेगळी नव्हती. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका मुंबईत निघाल्या आणि त्यांत मराठी गाणीही होती. पुढे दक्षिणेतील चित्रपटव्यवसाय मद्रासमध्ये एकवटला आणि कन्नड निर्मातेही तिकडे वळले. साठच्या दशकात बंगळुरूत कंठीरव स्टुडिओ उभा राहिला. त्यामुळे चित्रीकरणाची काही सोय झाली, तरी रसायनशाळा, वाद्यवृंद आणि ध्वनिमुद्रणाच्या उत्तम सोयी मद्रासलाच राहिल्या.

चित्रपटाच्या आवाजाचे काम एका बैठकीत संपत नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते. चित्रीकरणाआधी गाणी मुद्रित करावी लागतात, कारण त्यांच्यावरच नटांनी ओठ हलवायचे असतात. चित्रीकरण झाल्यावर नटांना पडद्यासमोर उभे करून संवाद पुन्हा बोलवून घेतले जातात. त्यानंतर पावलांचे, दारांचे, गाड्यांचे आवाज भरायचे. मग वाद्यवृंद बसवून, पडद्यावरील प्रसंग पाहत पार्श्वसंगीत मुद्रित करायचे आणि शेवटी हे सारे थर योग्य प्रमाणात एकत्र आणायचे. यातील प्रत्येक पायरीसाठी कन्नड निर्मात्याला साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून मद्रासला जावे लागे. तेथे लॉजमध्ये मुक्काम ठोकायचा आणि स्टुडिओतील मोकळ्या तारखांची वाट पाहायची, हा शिरस्ताच होता. तमिळ आणि तेलुगू चित्रपटांचा व्यवसाय मोठा असल्याने त्यांना प्राधान्य मिळे. मोठ्या निर्मात्याला हा खर्च परवडत असे. कमी भांडवलावर वेगळा विषय हाताळू पाहणाऱ्या तरुणाचा मात्र निम्मा जीव येथेच जाई.

मराठी चित्रपटसृष्टीला ही अडचण या स्वरूपात कधी आली नाही. पुण्यात प्रभातची स्वतःची ध्वनिव्यवस्था होती आणि नंतरच्या काळात मुंबईतील हिंदी चित्रपटांची ध्वनिमुद्रणगृहे मराठी संगीतकारांना आपल्याच शहरात उपलब्ध होती. हिंदीच्या सावलीत राहिल्याची तक्रार मराठीने वारंवार केली आहे आणि ती रास्तही आहे. पण त्या सावलीचा एक लाभही होता, तो असा. शंकर नाग मुंबईतून बंगळुरूला गेले, त्यामुळे हा फरक त्यांना इतरांपेक्षा लवकर जाणवला असावा.

त्यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट 'मिंचिन ओट' १९८० मध्ये आला. मोटारचोरांची आणि तुरुंगातून पळण्याच्या प्रयत्नाची ही कथा नाग बंधूंनी स्वतःच निर्माण केली आणि तिला राज्य शासनाचे अनेक पुरस्कार मिळाले. त्यानंतर 'जन्म जन्मद अनुबंध' आणि १९८१ मधील 'गीता' हे चित्रपट आले. दोन्हींचे संगीत इळैयाराजा यांचे होते. 'गीता'तील गाणी चार दशकांनंतरही कर्नाटकात घरोघरी ऐकली जातात. इळैयाराजांचे कार्यक्षेत्र मद्रास होते. एस. पी. बालसुब्रह्मण्यम, एस. जानकी, पी. बी. श्रीनिवास हे कन्नड प्रेक्षकांचे लाडके गायकही तेथेच राहत होते. याचा अर्थ मद्रासवरील अवलंबन केवळ यंत्रांपुरते मर्यादित नव्हते. वादक, गायक, ध्वनिमुद्रक आणि त्यांच्या हातात मुरलेली कामाची सवय असे सारे कसबच त्या शहरात साठलेले होते. यंत्र विकत आणता येते, पण कसब हळूहळू रुजवावे लागते. शंकर नाग यांच्या प्रयोगाची खरी कठीण बाजू हीच होती.

दरम्यान बंगळुरूत त्यांनी 'संकेत' ही नाट्यसंस्था सुरू केली होती. गिरीश कर्नाड यांचे 'अंजु मल्लिगे' तसेच 'बॅरिस्टर' आणि 'संध्याछाया' ही जयवंत दळवींची दोन मराठी नाटके या संस्थेने कन्नड प्रेक्षकांपुढे आणली. मुंबईत पाहिलेली मराठी नाटके आपल्या नव्या प्रेक्षकांनाही दिसावीत, एवढाच साधा हेतू त्यामागे असावा. मात्र त्यातून मराठी आणि कन्नड रंगभूमीमधील जुना व्यवहार पुन्हा वाहता झाला. अरुंधती नाग यांनी विवाहानंतर कन्नड आत्मसात केली आणि त्या संस्थेच्या प्रमुख अभिनेत्री झाल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शंकर नाग यांनी कर्नाडांचे 'नागमंडल' रंगमंचावर आणले. त्याला सी. अश्वत्थ यांचे संगीत होते आणि त्यातील गाणी नाटकापासून सुटून स्वतंत्रपणे लोकांच्या तोंडी बसली.

नाटकाची ही बाजू आणि चित्रपटाची बाजू जेथे एकत्र आली, ती जागा म्हणजे ध्वनिमुद्रणगृह. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास शंकर नाग यांनी बंगळुरूत 'संकेत इलेक्ट्रॉनिक्स' सुरू केले. कर्नाटकातील पहिल्या आधुनिक इलेक्ट्रॉनिक ध्वनिमुद्रणगृहांत त्याची गणना होते.

हे धाडस किती मोठे होते, याची कल्पना आजच्या वाचकाला सहज येणार नाही. आज मांडीवरच्या संगणकात जे काम होते, त्यासाठी तेव्हा एक इमारत लागत असे. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये आणि आतला आवाज भिंतींवर आपटून परत फिरू नये, यासाठी खोलीची रचनाच वेगळी करावी लागे. दोन काचांच्या मधे हवेची पोकळी ठेवलेली खिडकी, तिच्या एका बाजूला गायक-वादक आणि दुसऱ्या बाजूला ध्वनिमुद्रक, अशी साधारण मांडणी असे. यंत्रे परदेशातून आणावी लागत. आयातीचे नियम कडक होते आणि जकातही भरमसाट होती. चुंबकीय फितीला दमटपणा आणि धूळ या दोन्हींचे वावडे असल्याने वातानुकूलन बंद ठेवता येत नसे. वीज गेली की काम थांबे. एवढे करूनही नवे यंत्र काही वर्षांतच जुने ठरे, कारण हे तंत्र त्या काळात झपाट्याने बदलत होते.

हा बदल कोणता, हेही सांगायला हवे. जुन्या पद्धतीत गायक आणि संपूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी एकाच दालनात बसत आणि गाणे सलग मुद्रित होई. शेवटच्या ओळीत एखाद्या व्हायोलिनवादकाचा सूर चुकला, तर सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. अनेक पट्ट्यांच्या फितीमुळे हे चित्र पालटले. प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज स्वतंत्र पट्टीवर मुद्रित करता येऊ लागला. तबला सकाळी वाजवला आणि गायिका संध्याकाळी आली, तरी गाणे पूर्ण होऊ शकत होते. मोठा वाद्यवृंद नसलेल्या शहराला याचा विशेष फायदा झाला. पन्नास वादक एकाच वेळी जमवणे बंगळुरूत अवघड होते, पण पाच-सहा वादकांना वेगवेगळ्या वेळी बोलावून काम करता येत होते. तंत्रातील बदलाने मद्रासची मक्तेदारी सैल होण्याची शक्यता प्रथमच निर्माण केली आणि नेमक्या त्याच वेळी शंकर नाग यांनी हे पाऊल टाकले.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. कॅसेटने या काळात संगीताचा बाजार पार बदलून टाकला होता. मराठीत जसे भावगीत, तसे कन्नडमध्ये भावगीते. कवींच्या कविता चालीवर बांधून गाण्याची ही परंपरा म्हैसूर अनंतस्वामी, सी. अश्वत्थ, शिवमोग्गा सुब्बण्णा अशा गायकांनी लोकप्रिय केली. १९७८ मध्ये निस्सार अहमद यांच्या कवितांची 'नित्योत्सव' ही कॅसेट निघाली आणि तिच्या यशानंतर भावगीतांच्या कॅसेटना चांगला ग्राहक मिळू लागला. १९८७ मध्ये 'प्रेमलोक' या चित्रपटाच्या गाण्यांनी संगीतकार हंसलेखा घराघरांत पोहोचले आणि कॅसेटच्या विक्रीचा पल्ला कितीतरी वाढला. भावगीते, भक्तिगीते, लोकगीते, नाटकांचे संगीत, जाहिराती अशा सगळ्यांसाठी आपल्या शहरात चांगली जागा असणे आता निकडीचे झाले होते. अशा कामासाठी कोणी मद्रासला जाणार नव्हते. जागा नसती, तर त्यातले पुष्कळसे काम झालेच नसते.

याच काळात शंकर नाग यांच्या हातून त्यांचे सर्वाधिक गाजलेले काम झाले. आर. के. नारायण यांच्या कथांवरील 'मालगुडी डेज' ही मालिका टी. एस. नरसिंहन यांनी निर्माण केली आणि १९८६ पासून ती दूरदर्शनवर प्रसारित झाली. शंकर नाग यांनी तिचे ३९ भाग दिग्दर्शित केले. पश्चिम घाटातील आगुंबे या अतिवृष्टीच्या गावी त्यांनी नारायण यांचे काल्पनिक मालगुडी उभे केले. शीर्षकातील रेखाचित्रे आर. के. लक्ष्मण यांची होती. स्वामीची भूमिका मंजुनाथ या बालकलाकाराने केली आणि त्याच्या वडिलांच्या भूमिकेत गिरीश कर्नाड होते. मालिका पाहिलेल्या पिढीला आज कथा कदाचित विसरल्या असतील, पण एल. वैद्यनाथन यांची शीर्षकधून कानावर पडताच डोळ्यांपुढे ते गाव उभे राहते. आवाजाचे महत्त्व ओळखलेल्या दिग्दर्शकाची ही खूण आहे. शिवमोग्गा जिल्ह्यातील अरसाळू या ज्या लहानशा स्थानकावर मालगुडीचे रेल्वेप्रसंग चित्रित झाले, तेथे रेल्वेने २०२० मध्ये मालगुडी संग्रहालय सुरू केले.

या साऱ्याला लागणारा पैसा कोठून आला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. १९८० मधील 'ऑटो राजा' या चित्रपटाने शंकर नाग यांना रिक्षाचालकांचा नायक बनवले. त्यानंतर मारामारीच्या, पोलिसी आणि भावनाप्रधान चित्रपटांची रीघ लागली. त्यांना 'कराटे किंग' अशी उपाधीही मिळाली, यात थोडा विनोदच आहे, कारण त्यांचा पिंड तालमीच्या खोलीतल्या नटाचा होता. बारा वर्षांत त्यांनी ऐंशीहून अधिक चित्रपटांत काम केले. त्यांतील बरेच आज पाहवत नाहीत, हे त्यांचे चाहतेही खासगीत मान्य करतील. १९८८ चा 'सांगलियाना' याला अपवाद म्हणता येईल. एका प्रसिद्ध पोलीस अधिकाऱ्याच्या नावावर बेतलेला हा चित्रपट अफाट चालला. दिवसा व्यावसायिक चित्रपटाचे चित्रीकरण, संध्याकाळी नाटकाची तालीम आणि रात्री संकलन, अशा धावपळीत त्यांची वर्षे गेली. एका हाताने मिळवलेला पैसा दुसऱ्या हाताने नाटकात आणि ध्वनिमुद्रणगृहात जात होता. कलावंत म्हणून त्यांनी आपला बराच वेळ सामान्य चित्रपटांत दवडला, असा आक्षेप घेता येतो. मात्र तो वेळ वगळला असता, तर बाकीच्या गोष्टी उभ्या राहिल्या असत्या का, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यालाच द्यावे लागेल.

त्यांच्या स्वप्नांना चित्रपटाची चौकट पुरत नव्हती. बंगळुरूसारख्या वाढत्या शहराला मेट्रो रेल्वे हवी, हा विचार त्यांनी ऐंशीच्या दशकातच मांडला आणि त्याचा अभ्यासही केला. नंदी टेकडीवर रज्जुमार्ग, कमी खर्चाची घरे, अशा योजना त्यांच्या डोक्यात सतत घोळत असत. शहराबाहेर बन्नेरघट्टा रस्त्यावर त्यांनी कंट्री क्लब काढला. अभिनेत्याने अशा विषयांत लक्ष घालावे, याचे तेव्हा अनेकांना हसू आले असेल. बंगळुरूची मेट्रो प्रत्यक्षात धावली ती २० ऑक्टोबर २०११ रोजी, त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी.

'अॅक्सिडेंट' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट येथे वेगळा नोंदवायला हवा. नशेत मोटार चालवून पदपथावर झोपलेल्या माणसांना चिरडणारा राजकारण्याचा मुलगा आणि सत्य बाहेर काढू पाहणारा पत्रकार, अशी त्याची कथा आहे. १९८४ या वर्षासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला मिळाला. इळैयाराजा यांच्या पार्श्वसंगीताचा त्यात मोठा वाटा आहे. पुढे अशाच स्वरूपाच्या घटना अनेक शहरांत घडल्या आणि वृत्तपत्रांत गाजल्या. त्यामुळे चित्रपट आज पाहताना जुना वाटत नाही.

त्यांचा स्वतःचा अंतही रस्त्यावरच झाला. चंद्रशेखर कंबार यांच्या 'जोकुमारस्वामी' या नाटकावरील चित्रपटाचे काम उत्तर कर्नाटकात लोकापूर येथे सुरू होणार होते. त्यासाठी शंकर नाग पत्नी अरुंधती आणि लहान मुलगी काव्या यांच्यासह मोटारीने निघाले. ३० सप्टेंबर १९९० रोजी पहाटे दावणगेरेजवळील अनगोडू गावापाशी मोटारीला अपघात झाला आणि त्यात शंकर नाग यांचा मृत्यू झाला. अरुंधती गंभीर जखमी झाल्या. मायलेकी दोघीही बचावल्या. कर्नाटकात त्या दिवशी पसरलेली शोककळा पाहिलेली माणसे आजही त्याविषयी बोलताना थबकतात.

एका माणसाच्या धडपडीवर उभ्या राहिलेल्या संस्थांचे त्याच्या मागे काय होते, याची उदाहरणे मराठी वाचकांनाही परकी नाहीत. कोल्हापूर आणि पुण्यातील अनेक चित्रसंस्था त्यांच्या संस्थापकांबरोबरच मावळल्या. ध्वनिमुद्रणगृहाची गोष्ट तर आणखी अवघड, कारण त्याचे वैभव यंत्रांवर अवलंबून असते. नव्वदच्या दशकात फितीची जागा संगणकाने घेतली. मोठमोठी दालने, अवजड मिश्रणयंत्रे, फितींची कपाटे या साऱ्याचे मूल्य काही वर्षांत भंगाराएवढे झाले. मुंबई आणि चेन्नईतील नामांकित ध्वनिमुद्रणगृहांनाही याची झळ बसली आणि त्यांतील काही कायमची बंद झाली. शंकर नाग जिवंत असते, तर त्यांनाही आपली यंत्रे मोडीत काढून नवी आणावी लागली असती. जुने कवटाळून बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, एवढे त्यांच्या कामावरून सांगता येते.

मात्र ज्या हेतूने त्यांनी ध्वनिमुद्रणगृह काढले, तो हेतू पुढील काळात सफल झाला. कन्नड चित्रपटाला आवाजासाठी दुसऱ्या राज्यात जाण्याची सक्ती उरली नाही. बंगळुरूतच संगीतकार, वादक आणि ध्वनितंत्रज्ञ यांची नवी पिढी तयार झाली. 'केजीएफ' या २०१८ च्या चित्रपटाचे संगीत देशभर गाजले. त्याचे संगीतकार रवि बसरूर यांनी उडुपी जिल्ह्यातील बसरूर या आपल्या गावी स्वतःचे ध्वनिमुद्रणगृह उभारले आहे. शंकर नाग ज्या किनारपट्टीवर जन्मले, त्याच किनारपट्टीवरचे हे गाव आहे. हा बदल एकट्या शंकर नाग यांनी घडवला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तंत्र स्वस्त झाले, बाजार वाढला, संगीतकारांची पिढी बदलली. पण हे सारे घडण्याआधी, यंत्रे महाग असताना आणि बाजार लहान असताना, स्वतःचे पैसे घालून सुरुवात करणाऱ्या मोजक्या माणसांत ते होते.

'संकेत' हे नाव टिकवण्याचे काम अरुंधती नाग यांनी केले. अपघातानंतर दीर्घकाळ उपचार घेऊन त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. शंकर नाग यांना नाटकासाठी बंगळुरूत स्वतंत्र, सुसज्ज आणि परवडणारे नाट्यगृह हवे होते. मुंबईतील पृथ्वी थिएटर दोघांच्याही पाहण्यातले होते आणि तसे काही आपल्या शहरात असावे, ही कल्पना त्यातून आली. शासनाकडून जे. पी. नगरमध्ये जागा मिळाली. पैसे गोळा करण्यात आणि बांधकामात अनेक वर्षे गेली. वास्तुविशारद शारुख मिस्त्री यांनी आखलेल्या या नाट्यगृहात सुमारे सव्वातीनशे प्रेक्षक बसू शकतात. प्रेक्षकांच्या तीन बाजूंमध्ये पुढे आलेला रंगमंच आणि शेवटच्या रांगेपर्यंत नटाचा आवाज पोहोचेल अशी रचना, ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. संस्थांना भाडे माफक आकारले जाते. कन्नड नाटकांसोबत मराठी, हिंदी, मल्याळम, इंग्रजी अशा अनेक भाषांची नाटके तेथे होतात. अरुंधती नाग यांना पुढे 'पा' या चित्रपटातील भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१० मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला.

नाट्यगृहाला शंकर नाग यांचे नाव द्यायचे, तर ते पूर्ण नाव न देता 'रंगशंकरा' असे ठेवण्यात आले. आत त्यांचा भव्य पुतळा नाही. त्याऐवजी नियम आहेत आणि ते कसोशीने पाळले जातात. ठरलेल्या वेळी दार बंद होते. नंतर येणारा कितीही मोठा असला, तरी त्याला आत सोडले जात नाही. जून २०१७ मध्ये मेट्रोची हिरवी मार्गिका दक्षिणेकडे वाढली आणि तिच्यावर जयप्रकाश नगर हे स्थानक आले. नाटकाला येणाऱ्या प्रेक्षकांपैकी काही जण आता त्या गाडीने येतात आणि संध्याकाळच्या गर्दीत वेळेवर पोहोचण्यासाठी स्थानकाबाहेर रिक्षा शोधतात. त्यांतील एखाद्या रिक्षाच्या मागच्या काचेवर शंकरण्णांचे चित्र हमखास असते.